अधिकातलं वाकडं हँडल

सायकलीचं हँडल बदलायचं असं आधी कोण म्हणालं, यावर चिक्कडपल्लीच्या हाणेगावकरांच्या घरात आजही एकमत नाही. हिम्मतराव म्हणतात, जावई म्हणाले. जावई म्हणतात, बाबा म्हणाले. त्रिवेणीबाई म्हणतात की दोघेही सरळ काही म्हणाले नाहीत आणि खरा घोळ तिथंच आहे.

जावई म्हणजे सौरभराव. मूळ पुण्याचे, पण नोकरीनं इथंच शहरात बिऱ्हाड केलेले, कॉम्प्युटरमधले, स्वभावानं गुणी आणि बोलायला अतिशय काटकसरी. लग्नाला दोन वर्षं होत आली होती, पण तेवढ्या काळात ते सासऱ्यांशी जे बोलले ते सगळं एका पोस्टकार्डावर मावून पत्त्याला जागा उरली असती. 'हो बाबा', 'नको बाबा' आणि जेवताना 'पुरे बाबा'. हिम्मतराव एरवी बोलका माणूस. सरकारी खात्यात टपाल घेणाऱ्या सेक्शनचे सुपरिंटेंडंट. आलेल्या माणसाला मराठी, तेलुगू, उर्दू अशा तिन्ही भाषांत 'उद्या या' म्हणण्याची त्यांची हातोटी खात्यात प्रसिद्ध होती. पण जावई समोर बसले की पुण्याच्या माणसापुढे 'करायलो' म्हणावं की 'करतोय' या पेचात त्यांचं वाक्य अर्ध्यावरच राहायचं आणि शेवटी ते 'आज गरम आहे' एवढंच म्हणायचे. त्यावर 'हो बाबा' यायचं आणि दोघेही पंख्याकडं बघत बसायचे.

त्यात ते नव्व्याण्णव साल. डिसेंबर संपला की जगातले सगळे कॉम्प्युटर एकदम बिघडणार होते म्हणे, आणि ते बिघडू नयेत म्हणून सौरभरावांना न्यू जर्सीहून बोलावणं आलं. वीस जूनची तिकिटं. तेजश्रीही जाणार. मुलगी लांब जाते याचं हिम्मतरावांना वाईट वाटलंच, पण ते वाईट वाटणं सरळ होतं, चारचौघांत सांगता येण्याजोगं. मनात लागून राहिलं होतं ते निराळंच. हा मुलगा या घरात पाहुणा म्हणून आला आणि पाहुणाच राहून चालला. जाण्याआधी एकदा, फक्त एकदा, त्यानं घरच्या माणसासारखं आपल्याशी मोकळं बोलावं, एवढंच हिम्मतरावांना हवं होतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्रिवेणीबाईंना न सांगता कळलं होतं.

आता सायकल. फेब्रुवारीत सौरभरावांनी ती आणून जिन्याखाली उभी केली. जुनी अमेरिकन माउंटन बाइक; त्यांच्या काकांनी सत्याऐंशी साली कॅलिफोर्नियात घेतलेली, निळी, जाड टायरांची, काठीसारख्या सरळ हँडलची. "बाबा, ही इथेच राहू दे. आमच्या तिसऱ्या मजल्यावर जागा नाही. तुम्ही चालवत जा, नाहीतर गंजेल," एवढं बोलून ते लाजून आत गेले. हिम्मतरावांनी सायकलीवर जुनी सतरंजी घातली. दर गुरुवारी ते ती पुसायचे, टायर दाबून बघायचे आणि परत झाकून ठेवायचे. चालवण्याचा प्रश्नच नव्हता. हाणेगावकरांच्या घराण्यात लेकीच्या घरचं पाणीसुद्धा दोनदा विचार करून प्यायचं असतं, तिथं जावयाच्या वाहनावर सासऱ्यानं बसायचं म्हणजे काय?

एप्रिलमधल्या एका रविवारी लेक-जावई जेवायला आले. आमरस होता. जानेवारीत शुगर निघाल्यापासून हिम्मतरावांच्या पानात आमरसाच्या जागी काकडीची कोशिंबीर असायची, त्यामुळं त्यांना बोलायला इतरांपेक्षा जास्त वेळ होता. 'आज गरम आहे' सुरुवातीलाच बोलून झालं होतं. शेवटी त्यांनी जिवावर उदार होऊन एक आठवण काढली: त्यांच्या कॉलेजात नांदेडला एक मुलगा वाकड्या हँडलची सायकल घेऊन यायचा, आणि सगळी पोरं ती बघायला जमायची.

सौरभरावांनी वाटीतून मान वर केली. "ड्रॉप हँडल! बाबा, जिन्याखालच्या सायकलला काय मस्त दिसेल ते. जुन्या माउंटन बाइकना लोक असंच करतात. मी इंटरनेटवर फोटो पाहिलेत."

बोलताना त्यांचे डोळे चमकले. निदान हिम्मतरावांना ते चमकलेले दिसले. त्यांनी मनातल्या मनात आवक क्रमांक टाकून नोंद केली: जावयाची इच्छा.

याला मुहूर्तही आयता होता. सोळा मेपासून अधिक ज्येष्ठ लागत होता. अधिकात जावयाला वाण द्यायचं असतं; त्रिवेणीबाईंनी चांदीचं निरांजन आणि तेहतीस अनारसे ठरवून टाकले होते, पण अमेरिकेला चाललेल्या जावयाला एवढ्यानं भागेल का, याची त्यांना रुखरुख होती. "मी बघतो," हिम्मतराव म्हणाले. ऑफिसात ते 'मी बघतो' म्हणाले की कागद महिनाभर हलत नसे. घरात म्हणाले की त्रिवेणीबाई पैशांचा डबा दुसरीकडं हलवायच्या.

त्यांनी सरळ जावयालाच का विचारलं नाही, असं एखादा परप्रांतीय म्हणेल. जावयाला 'काय हवं' असं विचारायचं नसतं. विचारलं तर त्यानं 'काही नको' म्हणायचं असतं. म्हणजे मग सगळाच विषय संपतो.

त्रिवेणीबाईंना बेत कळला तेव्हा त्या म्हणाल्या, "अवो, ते अमेरिकेला जायलेत. सायकल काय पिशवीत घालून नेतील का?"

"अमेरिकेतूनच आली हाय ती. तिला रस्ता ठाऊक हाय."

"आणि सायकल कधी अधिकाचं वाण असते का? अधिकाला जाळीचं द्यावं लागतंय. तेहतीस द्यावे लागतेत. एक सायकल देऊन कसं चालंल?"

हा मुद्दा बिनतोड होता. अनारसे, बत्तासे, म्हैसूरपाक, ज्याला छिद्रं असतील तेच अधिकात चालतं, हे हिम्मतरावही मानत होते. ते खिन्न होऊन जिन्याखाली जाऊन बसले आणि काहीच सुचेना म्हणून चाकाच्या तारा मोजू लागले. बत्तीस निघाल्या. पुन्हा मोजल्या, बत्तीसच. तारेगणिक कडीला एक भोक, म्हणजे बत्तीस भोकं. आणि हवा भरायचं नळकांडं जिथून बाहेर येतं ते एक. हिम्मतराव उठून इतक्या जोरात ओरडले की वरच्या मजल्यावरचे केशवराव खाली धावत आले.

"तेहतीस! पुढच्या चाकाला तेहतीस, मागच्या चाकाला तेहतीस!"

त्रिवेणीबाईंनी स्वतः बोट लावून मोजलं, मग चाकाला हात जोडले. त्यानंतर त्यांचा विरोध संपला. देवानं कॅलिफोर्नियात बसून सोय करून ठेवल्यावर माणसानं काय बोलायचं?

केशवरावांचा विरोध मात्र तेव्हाच सुरू झाला. ते रेल्वेतून रिटायर झाले होते आणि चाकं असलेल्या सगळ्या वस्तू आपल्या अखत्यारीत येतात अशी त्यांची समजूत होती. "हँडल वाकडं केलं की माणूस वाकतो," ते म्हणाले. "माणूस वाकला की पोट दबतं. पोट दबलं की पित्त." मग त्यांनी आणखी विचार करून सीट तीन इंच वर घ्यावी, असा सल्ला दिला. सीटचा आणि पित्ताचा संबंध काय हे हिम्मतरावांना कळलं नाही, पण त्यांनी सल्ला लिहून घेतला. लिहून घेणं ही त्यांची जुनी सवय होती.

दुसऱ्या शनिवारी त्यांनी सायकल गौलीगुड्याला न्यायला काढली. नेली म्हणजे हाताला धरून चालत नेली, मे महिन्याच्या उन्हात, टायरमध्ये ठासून हवा असताना. वाटेत अकरा जणांनी त्यांना पंक्चरचं दुकान दाखवलं. नारायणगुड्यापाशी एका भल्या गृहस्थानं तर सायकल हातातून काढून घेतली आणि स्वतःच दुकानापर्यंत पोचवून दिली. दुकानदारानं टायर दाबले, हिम्मतरावांकडं पाहिलं, पुन्हा टायर दाबले. "साब, इसकू कुछ नईं हुआ. तुमारेकू क्या हुआ?" हिम्मतरावांनी त्याला जावई, ठेव, मानपान असं समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यानं त्यांना पाणी पाजलं.

गौलीगुड्यात जब्बारभाईंचं दुकान होतं. सायकलीच्या दुरुस्तीत त्यांचा हात कुणी धरणार नाही अशी ख्याती होती, आणि ती त्यांनाही माहीत होती. त्यांनी सायकलीला एक फेरी मारली, नट चाचपले आणि म्हणाले, "अच्छा-खासा सीधा हँडल है. कायकू टेढ़ा कररैं?"

"जावयाची इच्छा आहे."

"दामाद का मामला है?" जब्बारभाई एकदम गंभीर झाले. त्यांनाही तीन जावई होते. "तो फिर सवाल नईं पूछना. परसों आओ."

हिम्मतराव सोमवारी गेले. जब्बारभाईंनी कुठल्याशा रेसर सायकलचं देशी वाकडं हँडल मिळवलं होतं, पण ते जिथून आरपार घालायचं त्या लोखंडी गळ्यातून त्याचं वळण जाईना. साबण लावला, खोबरेल लावलं, तेव्हा ते अर्धं गेलं आणि तिथं अडकून बसलं. आता ते पुढंही जाईना आणि मागंही येईना. एका बाजूला वाकडं शिंग आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, अशा अवस्थेत जावयाची सायकल हिम्मतरावांपुढं उभी होती.

त्या दुपारी त्यांनी कोठीच्या एसटीडी बूथवरून तेजश्रीला फोन केला. काहीच सांगायचं नव्हतं, पण आवाजच असा लागला की तिनं अडकलेल्या हँडलचं सगळं काढून घेतलं; वाणाचं तेवढं त्यांनी मनातच ठेवलं. संध्याकाळी घरी खुद्द सौरभरावांचा फोन आला.

"बाबा, तेजू म्हणाली तुम्ही ड्रॉप हँडल बसवताय! खरंच?"

"हो," हिम्मतराव चोरी सापडल्यासारखे म्हणाले.

"मस्त! देशी नका बसवू. मी पुण्याहून पूर्ण सेट मागवतो, गळ्यासकट."

"तुम्ही कशाला त्रास घेता?"

"त्रास कसला? तुम्ही एवढ्या हौसेनं करताय."

"हौस तुमची," असं हिम्मतरावांच्या ओठांवर आलं होतं. पण जावयाला हौस आहे असं तोंडावर म्हणणं बरं दिसत नाही. म्हणून ते म्हणाले, "ब्रेक कसे हवेत?"

"तुम्हाला सोयीचे पडतील तसे."

"आमच्या सोयीचं काय आहे? तुम्ही सांगाल तसं."

"नाही नाही बाबा, तुम्ही म्हणाल तसं."

असं दोघांनी बराच वेळ एकमेकांना म्हटलं आणि फोन ठेवला. हिम्मतराव खुर्चीत बसून राहिले. आपला जावई स्वतःच्या वाणाचं सामान स्वतःच पुण्याहून का मागवतो आहे, हे त्यांना उमगेना. पण फोनवर तो पूर्ण वाक्यांत बोलला होता, आणि ती वाक्यं ते मनात पुन्हा पुन्हा लावून ऐकत राहिले. सायकलीत गुण आहे, हे नक्की.

पार्सल आठवड्यानं आलं, गौलीगुड्याच्याच एका ट्रान्सपोर्टच्या कचेरीत. तिथल्या कारकुनानं गोणपाटात शिवलेली ती वस्तू टेबलावर ठेवली, तिच्या दोन्ही वळणांवरून हात फिरवला आणि ती पुन्हा स्वतःकडं ओढून घेतली.

"ये क्या है जी? सींगां है?"

"हँडल आहे. सायकल का."

"सायकल का हँडल ऐसा रहता क्या? हरन का सींग है ये. जंगल खातेवालों का कागद लाओ."

"खोलके देखो ना."

"शील लगा हुआ पार्सल कैसा खोलना जी? पहले तुम दस्तखत करो, माल मिल गया बोलके."

"माल मिला नाही तर मिला म्हणून दस्तखत कसा करू?"

"तो फिर कैसा खोलना?" कारकुनाला हा मुद्दा स्वतःलाच इतका आवडला की तो हसला. "कल आओ."

अठ्ठावीस वर्षं ज्या माणसानं हे दोन शब्द दुसऱ्यांना ऐकवले, त्याला ते प्रथमच पलीकडच्या बाजूनं ऐकू आले. हिम्मतराव दुसऱ्या दिवशी गेले. साहेब रजेवर होते. तिसऱ्या दिवशी साहेब होते, शिक्का नव्हता. चौथ्या दिवशी ते रजा टाकून सायकलच घेऊन गेले आणि तिचं अर्धवट शिंग कारकुनाच्या नाकासमोर धरून म्हणाले, "याचा जोडीदार आहे तो." कारकून खुर्चीसकट मागं सरकला. कचेरीतली सगळी माणसं उठून बघायला आली. पार्सल मिळालं, पण आवक वहीत त्यापुढं 'सींग (सायकल का)' अशी नोंद झाली, आणि तिच्याखाली हिम्मतरावांना सही करावी लागली. त्यांनी इकडंतिकडं बघत ती घाईघाईनं उरकली. कारकून दस्तखत निरखत म्हणाला, "साफ नईं आया. फिर से करो."

नवं हँडल बसलं. पण ते बसल्यामुळं जुने ब्रेक बसेनात, कारण नळी जाड. नवे ब्रेक बसले तर तारा पुरेनात, कारण ब्रेक आता पार खाली, शिंगांच्या टोकाकडं गेले. नव्या तारा आल्या तर गियरचे खटके लावायला हँडलवर जागाच उरली नाही. ते कुठं लावावेत यावर जब्बारभाई, केशवराव आणि शेजारच्या दुकानाचे रामुलुगारू यांची तीन दिवस चर्चा झाली. केशवराव खास त्यासाठी बस पकडून गौलीगुड्याला येऊ लागले होते. खटके शेवटी सीटखाली लागले, म्हणजे गियर बदलायचा तर स्वतःच्या मांडीखाली हात घालायचा. ते बघून रामुलुगारूंनी "अय्यो!" एवढंच म्हटलं आणि ते आपल्या दुकानात निघून गेले.

सायकल घरी आली तेव्हा त्रिवेणीबाईंनी तिच्याकडं पुढून पाहिलं, मागून पाहिलं. सीटपासून हँडल इतकं लांब गेलं होतं की मधे एक माणूस सहज आडवा झाला असता.

"हिच्यावर बसायचंय का निजायचंय?"

"जावयाला असंच आवडतंय," हिम्मतराव म्हणाले. पण त्यांचा आवाज पहिल्यासारखा नव्हता. जावयाला हे का आवडावं, या प्रश्नाकडं त्यांनी महिनाभर पाहिलं नव्हतं. आता तो प्रश्न जिन्याखाली उभा होता.

सहा जूनचा रविवार ठरला. सौरभरावांना पाटावर बसवलं, अंगावर नवं रेशमी धोतर. निरांजन झालं, तेहतीस अनारसे झाले, आणि मग हिम्मतरावांनी हँडलला दोन्ही बाजूंनी कुंकू लावलेली ती सायकल हॉलमध्ये आणून जावयापुढं उभी केली.

"हे आमच्याकडून. अधिकाचं वाण. गोड मानून घ्या."

सौरभराव पाटावरून अर्धे उठले. त्यांनी सायकलीकडं पाहिलं, मग तेजश्रीकडं, मग सासऱ्यांकडं. "बाबा, ही... ही तुमची सायकल आहे."

"आमची कशी? तुमची."

"अहो, मी तुमच्यासाठी आणली होती! तुमची शुगर निघाली, डॉक्टर सायकल चालवा म्हणाले. नुसती दिली असती तर तुम्ही घेतली नसतीत. तेजू म्हणाली, बाबा लेकीच्या घरचं काही घेत नाहीत. म्हणून जागा नाही असं सांगून ठेवली."

"मग ते वाकडं हँडल?"

"ते तुम्हाला हवं होतं ना? नांदेडच्या कॉलेजपासून?"

"मला?" हिम्मतरावांचा स्वर चिरकला. "मी कशाला वाकू या वयात?"

आता यातून वाट निघेना. दिलेलं वाण परत घेता येत नाही आणि लेकीच्या घरचं घेता येत नाही. म्हणजे भर हॉलमध्ये, कुंकू लावून, सायकल कुणाचीच उरली नव्हती. हिम्मतराव मटकन खाली बसले. चार महिने तो मुलगा त्यांच्या तब्येतीची काळजी करत होता आणि त्यांनी त्याच्या वस्तूवर सतरंजी घालून ठेवली होती. आता तो परत 'हो बाबा' म्हणणार, आणि चौदा दिवसांनी विमानात बसणार. त्यांना रडू येईल असं वाटलं.

"आधी कुणीतरी चालवून तर बघा," त्रिवेणीबाई म्हणाल्या. "चालती का नाही तेच ठाऊक नाही, आन् कुणाची म्हणून बसलाव."

सौरभरावांना धोतर होतं. म्हणून हिम्मतराव उठले. गल्लीत केशवराव सीट तीन इंच वर घेतली की नाही बघायला हजरच होते. घेतली होती. त्यामुळं हिम्मतरावांना घरापुढच्या ओट्यावर चढून सायकलीवर बसावं लागलं. पन्नास वर्षांपूर्वी शिकलेली गोष्ट विसरत नाही हे खरं. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या सायकलीचे ब्रेक जिथं हात असतो तिथं असायचे. गल्ली बाजाराकडं उतरती आहे, हे तीस वर्षं चालतच ये-जा केल्यामुळं त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं. आता आलं.

"जमायलंय!" ते दुसऱ्या घरापाशी म्हणाले. चौथ्या घरापाशी त्यांनी हँडलच्या वरच्या दांडीवर ब्रेक शोधला. सहाव्या घरापाशी ते मांडीखाली शोधत होते, तिथं त्यांना गियर सापडला आणि सायकल आणखी हलकी होऊन धावू लागली.

मागून धोतराचा सोगा एका हातात धरून सौरभराव पळत येत होते. "बाबा, खाली! हात खाली घाला! खालच्या वळणावर! अहो खाली म्हणजे मांडीखाली नाही! हँडलच्या खाली! अहो, कुणाचं ऐकाल की नाही?"

गल्लीच्या तोंडाशी जुनं घर पाडून अपार्टमेंट होत होतं आणि बिल्डरनं अर्धा रस्ता व्यापून वाळू टाकली होती. त्याबद्दल हिम्मतरावांनी स्वतः दोनदा लेखी तक्रार केली होती. सायकल त्या वाळूत पुढचं चाक रोवून थांबली आणि हिम्मतराव हँडलवरून पुढं जाऊन ढिगाच्या माथ्यावर बसले.

सौरभराव पोचले. धोतर सुटलं होतं, श्वास लागला होता, चेहरा लालबुंद.

"काय वेडेपणा आहे हा! ब्रेक कुठं आहेत माहीत नाही तर बसलात कशाला? साठी जवळ आली, शुगर आहे, हाड मोडलं असतं म्हणजे? चांगली सरळ सायकल होती, चांगली! तिची काय दशा केलीत! गियर सीटखाली कुणी लावतं का? जगात कुणी लावतं? आणि मी तिकडे गेल्यावर असलं काही केलंत तर कोण धावणार आहे तुमच्यामागे? जरा म्हणून अक्कल..."

आणि ते थांबले. आपण काय बोललो हे ऐकू आल्यासारखे त्यांचे डोळे विस्फारले.

हिम्मतरावांच्या शर्टात वाळू गेली होती, कोपर सोलवटलं होतं, चष्मा कपाळावर होता. असं त्यांना त्यांचे वडील बोलायचे. वडील गेल्यानंतर इतक्या वर्षांत इतक्या मायेनं त्यांची अक्कल कुणी काढली नव्हती. त्यांना इतकं बरं वाटलं की तोंडातून निघालं ते थेट हाणेगावचं निघालं.

"अन् तुला काय झालं होतं रे? चार महिने तोंडाला कुलूप लावून बसलास! 'बाबा, सायकल तुमची हाय' एवढं सांगायला काय पुण्याहून पार्सल यायचं होतं?"

"सांगितलं असतं तर घेतली असतीत तुम्ही?"

"नसती घेतली!"

"मग!"

"मग काय मग? भांडायचं होतंस! आन् काळजी करायलास तर उभा काय ऱ्हायलास? हात दे!"

सौरभरावांनी हात दिला. सायकल दोघांनी मिळून वाळूतून उपसली आणि एकेक शिंग एकेकानं धरून ते गल्ली चढू लागले. ती सरळ करायची की वाकडीच ठेवायची, खटके कुठल्या गाढवानं तिथं लावायला सांगितले, आणि सकाळी सहाला उठून ती चालवायची की साडेसहाला, असं दोघंही एकाच वेळी, एकमेकांचं न ऐकता, तारस्वरात बोलत होते. केशवराव मधे काही सांगायला गेले तर दोघांनीही त्यांना गप्प केलं.

दारात तेजश्री घाबरून उभी होती. "आई, ते दोघं भांडायलेत ग."

त्रिवेणीबाईंनी गल्लीकडं एकदा नीट पाहिलं. मग पदरानं डोळे पुसले आणि वळल्या.

"भांडू दे. पानं घे."